आउटबोर्डमध्ये काजळी धरतेय, पेट्रोलमध्ये नेमकं कोणतं औषध टाकावं?

निवांत_खलाशी

मंडळी, गेल्या वर्षी एक वापरलेली बोट घेतली. मागे ४० अश्वशक्तीचं आउटबोर्ड (बोटीला मागून बाहेर टांगलेलं इंजिन), फोर स्ट्रोक, तीन सिलिंडर, इंजेक्शनवालं. माझा वापर म्हणजे गळ सोडून तासन्‌तास १२००-१५०० आरपीएमवर रेंगाळत बसणं. नाव उगाच निवांत नाही.

हल्ली मशीन सकाळी पहिल्या दोन-चार मिनिटांत मिसिंग मारतं, मग सुधारतं. प्लग काढले तर तिन्ही काळे, तिसरा तर कोरड्या काजळीने मखमली झालेला. बोटीच्या मागच्या फळीवरही काळा पट्टा उठतो. कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं : १९०, १८८ आणि तिसऱ्याला १६० पीएसआय. दाखवायला नेलं तर उत्तर मिळालं, "कार्बन धरलाय, पेट्रोलमध्ये औषध टाका." कोणतं, किती, किती दिवस, काही नाही. दुकानात पाच-सहा बाटल्या ओळीने उभ्या आणि प्रत्येकीवर 'इंजिन नव्यासारखं' असं लिहिलेलं.

तर अनुभवी लोकांनी सांगावं, काय वापरता? खरंच फरक पडतो का?

ता. क. : ऑइल वेळेवर बदलतो, त्यात काटकसर नाही. उलट डिपस्टिकवर ऑइल कायम भरपूरच असतं, कधी कमी झालेलं बघितलं नाही.

वाचनमात्र

वाचतोय. (बोट नाही, पोहताही येत नाही, पण वाचतोय.)

टूस्ट्रोक_भक्त

फोर स्ट्रोक घेतल्याची शिक्षा आहे ही, भोगा. हलके घ्या.

गंमत सोडा. आमच्या टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, म्हणजे काजळी आमच्या पाचवीलाच पुजलेली. तरी बारा वर्षांत हेड एकदाच उघडलं, तेही गॅस्केटसाठी. औषध कधीच नाही. टीसी-डब्ल्यू ३ प्रमाणपत्राचं चांगलं ऑइल, ५० ला १ प्रमाण, म्हणजे लिटरमागे २० मिली, मोजून. अंदाजपंचे धार धरायची नाही. आणि दर फेरीत परतताना दहा मिनिटं पूर्ण रेस. संपला विषय.

मशीनवाला

विषय संपत नाही हो भक्त, तुम्ही शेवटच्या वाक्यात खरं औषध सांगून टाकलंत आणि पुढे निघून गेलात.

मी ही मशिनं उघडतो, रोजचं काम आहे. काजळी नेमकी कुठे त्रास देते ते आधी सांगतो, कारण सगळे पिस्टनच्या डोक्याकडे बघतात. डोक्यावर पातळ थर असतोच, त्याने फारसं बिघडत नाही. खरा घोळ पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या खाचेत. रिंगेला खाचेत हलायला केसाएवढी जागा लागते, तिथे काजळी आणि जळकं ऑइल मिळून डिंकासारखं होतं, मग वाळून दगड. रिंग खाचेतच धरली की सिलिंडरला दाबून बसत नाही. मग जळता वायू तिच्या बाजूने खाली उतरतो, पिस्टनची बाजू तापते, ऑइलचा पापुद्रा जळतो आणि एके दिवशी पिस्टन सिलिंडरला ओरखडतो. ज्या मशीनची अशी रिंग धरलेली असते, ते चालवणाऱ्याला बहुतेक वेळा 'थोडं पिकअप कमी' एवढंच जाणवलेलं असतं.

अशी खाच साफ करायला दुकानात हत्यार मिळतं, पण मी जुनी तुटकी रिंगच वापरतो. तिचं टोक कानशीवर घासून चौकोनी करायचं आणि खाचेतून हळूहळू ओढायचं. रिंग त्याच मापाची, त्यामुळे खाच रुंद व्हायची भीती कमी. काळी भुकटी निघत नाही, पापडी निघते, काचेसारखी करकरीत. ती एकदा हातात धरून बघा, मग कळेल की बाटलीतलं औषध हे विरघळवायला किती वेळ घेईल.

खलाशीदादा, तुमचं १६० आलंय तिथे आधी एक करा. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका, मशीन दोन-चार वेळा फिरवा आणि परत कंप्रेशन घ्या. आकडा वर गेला तर गळती रिंगांतून. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह बघायला हवेत. घेताना तिन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद केलेलं. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यात दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर मी झोपतो. तुमचा पंधराच्या वर आहे.

शब्दवेडी

'औषध' शब्द फार आवडला. 'ॲडिटिव्ह'ला कोशात 'समावेशी' का काहीतरी सापडतं, ते वाचून इंजिनच बंद पडेल. इंधनपूरक कसं वाटतं?

वाचनमात्र

इंधनपूरक म्हणजे शाळेतला पोषण आहार वाटतो. औषधच राहू द्या.

बेंझिन_वलय

रसायनाच्या बाजूने थोडं. बाटलीवरचं नाव सोडा, मागे घटक लिहिले असतील ते वाचा. ढोबळमानाने तीन जाती आहेत.

पहिली : पॉलिइथर अमाइन, म्हणजे पीईए. रेणूचं एक टोक नायट्रोजनवालं, ते काजळीच्या पृष्ठभागाला चिकटतं. उरलेली साखळी पेट्रोलमध्ये विरघळणारी, ती त्या कणाला ओढून घेऊन जाते. साबण जसा तेलकट भांड्यावर काम करतो तसंच. याचं वैशिष्ट्य म्हणजे ज्वलनकक्षातल्या तापमानालाही ते काही काळ तग धरतं, म्हणून पिस्टनच्या डोक्यावरच्या थरावर त्याचा परिणाम दिसतो. टेक्रॉन नावाच्या बाटलीत हेच असतं.

दुसरी : पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन, पीआयबीए. इंजेक्टर, कार्बोरेटर, इनटेक (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह यांवर छान काम करतं. पण ज्वलनकक्षात गेल्यावर स्वतःच अर्धवट जळून थर वाढवू शकतं. म्हणजे दिवाणखाना झाडून कचरा माजघरात लोटला.

तिसरी : निव्वळ विद्रावक. हलकं तेल, नाफ्था, अल्कोहोल असलं मिश्रण. सी फोम हे त्या जातीचं. वाळलेलं पेट्रोल, डिंक, ओलसर काजळी यांवर ते उपयोगी, विशेषतः भिजवून ठेवल्यावर. टाकीत थोडंसं टाकून वर्षानुवर्षं दगड झालेली काजळी त्याने निघेल अशी अपेक्षा करू नये.

चौथी बाटली दिसेल ती स्टॅबिलायझरची. ती पेट्रोल जुनं होऊ नये म्हणून असते, काजळीशी तिचा थेट संबंध नाही. लोक ती घेतात आणि म्हणतात, औषध लागू पडलं नाही.

अजून एक. तुमचं मशीन इनटेक पोर्टमध्ये फवारा मारणारं असेल तर पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहत जातं, औषध तिथे पोचतं. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या मशीनमध्ये इनटेकच्या वाटेला पेट्रोल लागतच नाही, तिथे टाकीतलं कोणतंही औषध त्या व्हॉल्व्हपर्यंत जाणार नाही.

मशीनवाला

दिवाणखाना-माजघर एकदम फिट्ट. वलयताई, हे मी आता गिऱ्हाइकांना सांगणार.

हिशेबनीस

डोसबद्दल कोणी बोलत नाहीये, तिथेच लोक चुकतात. बऱ्याच बाटल्यांवर माप औंस आणि गॅलनमध्ये असतं. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. द्रव औंस २९.६ मिली (अमेरिकी).

उदाहरणार्थ यामाहाच्या रिंग फ्री या औषधाचं नेहमीचं प्रमाण १० गॅलनला १ औंस. म्हणजे लिटरमागे साधारण ०.८ मिली, २५ लिटरच्या टाकीला २० मिली. साफसफाईचा जोरदार डोस गॅलनला १ औंस, म्हणजे दहापट, त्याच टाकीला २०० मिली. पहिल्याच्या जागी दुसरा किंवा दुसऱ्याच्या जागी पहिला टाकला तर एक तर बाटली दोन दिवसांत संपते किंवा काहीच होत नाही. दोन्ही प्रकारची माणसं नंतर येऊन धागे काढतात.

औषधाच्या बाटलीचं झाकण हे माप नव्हे. इंजेक्शनची सिरिंज किंवा मोजपात्र ठेवा.

कडू_कारलं

सगळा भ्रम आहे. औषध टाकल्यावर माणूस मुद्दाम मशीन जोरात पळवून बघतो 'फरक पडला का'. फरक पडतो तो पळवल्यामुळे. बाटली न उघडता नुसती बोटीत ठेवली तरी चालेल.

बेंझिन_वलय

कारलेबुवा, निम्मं खरं आहे तुमचं. स्पार्क प्लगचंच बघा, त्याचं टोक साधारण ४५०-५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की स्वतःवरची काजळी स्वतः जाळतं. रेंगाळताना ते तापमान गाठलंच जात नाही. पण डिटर्जंटचं काम भ्रम नाही. मात्र धुण्याची पावडर टाकून कपडे बादलीत नुसते ठेवले आणि चोळलेच नाहीत तर किती निघेल, तेवढंच.

कडू_कारलं

निम्मं खरं मानलंत, आज एवढ्यावर समाधान.

जुना_सुकाणू

तुमच्या पीईए-बीईएच्या आधीचा काळ बघितलेला माणूस आहे मी. आमच्याकडे रॉकेलवर चालणारी आउटबोर्डं होती. सुरू पेट्रोलवर करायची, गरम झालं की कॉक फिरवून रॉकेलवर. आणि किनारा दिसायला लागला की परत पेट्रोलवर आणायची, म्हणजे बंद करताना कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहतं आणि दुसऱ्या दिवशी सुरू होते. एखादा पोरगा हे विसरला की सकाळी दोरी ओढून ओढून खांदा निघायचा. त्या मशिनांना काजळी इतकी की एक्झॉस्टच्या भोकाचा घेर निम्म्यावर यायचा. आम्ही हेड काढून जुन्या लाकडी पट्टीने खरवडायचो. लाकडी का, तर ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की पुढची काजळी तिथेच आधी धरते.

तेव्हाचं औषध म्हणजे पेट्रोलच्या डब्यात दोन डांबराच्या गोळ्या. मशीन 'गरम' चालायची म्हणे. आमच्या काकांची त्यावर अतोनात श्रद्धा. बोटीला कपाटाचा वास यायचा.

बेंझिन_वलय

डांबराच्या गोळ्या कोणी टाकू नका, कृपया! नॅफ्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं खरं, पण पेट्रोल उडून गेलं की जेटच्या बारीक भोकात स्फटिक होऊन परत बसतं. शिवाय त्यात कार्बनचं प्रमाण जास्त, ते काजळी कमी नाही, जास्तच करेल. आणि आता कित्येक गोळ्यांमध्ये नॅफ्थलीन नसतंच, पॅराडायक्लोरोबेंझीन असतं. ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. अॅल्युमिनियमच्या इंजिनात आम्ल, तेही समुद्रावर.

रॉकेलही पेट्रोलच्या मशीनमध्ये 'थोडंसं' मिसळू नका. ऑक्टेन उतरतो, ठोके पडतात. सुकाणूकाकांची मशिनं कमी कंप्रेशनवर, त्यासाठीच बनवलेली होती.

जुना_सुकाणू

काका आता नाहीत, नाही तर त्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवला असता आणि त्यांनी तुम्हाला एक गोळी दिली असती.

टूस्ट्रोक_भक्त

अवांतर : परवा एक जण मला सांगत होता की मोटारसायकलचं महागडं टू स्ट्रोक ऑइल आउटबोर्डला 'अजून भारी'. पटवता पटवता नाकी नऊ आले.

मशीनवाला

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. मोटारसायकल हवेवर थंड होते, फार तापते, म्हणून तिच्या ऑइलमध्ये धातूची क्षारं असलेली डिटर्जंट घालतात. जळल्यावर त्यांची राख उरते. आउटबोर्ड पाण्यावर थंड होणारं, तिथे ती राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते आणि तापून ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. टीसी-डब्ल्यू ३ राखविरहित असतं, ते त्यासाठीच. फोर स्ट्रोक आउटबोर्डला वेगळं प्रमाणपत्र, एफसी-डब्ल्यू. गाडीच्या ऑइलपेक्षा त्यात गंजरोधक गुण जास्त तपासलेले असतात.

एकदा एकाने एरंडेल तेलाचं रेसिंग ऑइल टाकलं होतं. वास स्वर्गीय. रिंगा काढताना मात्र माझाच चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

खारा_वारा

भिजवून साफ करण्याचा अनुभव लिहितो, कारण त्यात मी माती खाल्ली आहे. पद्धत सोपी : मशीन गरम करायचं, इनटेकमधून औषधाचा फवारा सोडत राहायचं, शेवटी भरपूर सोडून गुदमरवून बंद करायचं, काही तास किंवा रात्रभर ठेवायचं आणि मग पाण्यात नेऊन जोरात चालवायचं. पाणी जोडलेलं हवं हे सांगायला नको, इंपेलर (पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) कोरडा फिरला की काही क्षणांत जातो.

मी केलं ते संध्याकाळी, घराजवळ, ट्रेलरवर. सकाळी सुरू केलं आणि पांढरा-निळा धूर इतका की शेजारी बादल्या घेऊन धावले. एकाने खरोखर मशीनवर पाणी ओतलं. हे एक. दुसरं, प्लग तेच ठेवले, ते सुटलेल्या काजळीने लगेच बाद झाले. तिसरं, आणि हे महागात पडलं असतं, फोर स्ट्रोकचं ऑइल बदललं नाही. औषध आणि धुतलेली घाण रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते, ते पातळ होतं. जोरदार डोसनंतर ऑइल, फिल्टर आणि प्लग बदलायचे, हा खर्च त्या बाटलीच्या किमतीतच धरा.

दुसऱ्या वेळी नीट केलं आणि फरक जाणवला. कारलेबुवा म्हणतील पळवल्यामुळे.

कडू_कारलं

पाणी ओतल्यामुळे.

हिशेबनीस

पेट्रोल जुनं असेल तर आधी ते बघा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं गणित : दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेतं, म्हणजे दहा लिटरला जेमतेम ५० मिली. त्याच्या वर पाणी गेलं किंवा गारठा वाढला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. टाकीतली नळी पण तळालाच! टू स्ट्रोकमध्ये तर ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि मशीन खालचं बिनतेलाचं पाणी पितं. असं फाटलेलं पेट्रोल कोणत्याही औषधाने परत सांधत नाही. काढून टाकायचं. १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा आणि त्याचा वाडगा बघत जा.

निवांत_खलाशी

बाप रे, एवढं सगळं! आभार. काही उत्तरं :

चमचाभर ऑइल टाकून बघितलं. १६० चं १८५ झालं. म्हणजे रिंगा.

पेट्रोल ताजं, महिन्याच्या आतलं. फिल्टर आहे, वाडगा स्वच्छ.

इंजेक्शन इनटेक पोर्टमध्येच आहे.

ठरवलंय : पीईएवाली बाटली, एक टाकी जोरदार डोस, मग नेहमीचा. चालेल ना?

मशीनवाला

चालेल. आधी एक सांगा, पूर्ण रेस दिल्यावर किती आरपीएम येतात? पंखा जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त अंतर कापणारा) बसवला असेल तर मशीन चढावर टॉप गिअरमध्ये ओढल्यासारखं रडत चालतं, आणि अशा मशीनला काजळी धरणारच.

निवांत_खलाशी

५६००. पुस्तकात ५००० ते ६००० लिहिलंय.

मशीनवाला

मग पंखा निर्दोष. ठीक आहे, रेंगाळण्याचीच काजळी असणार. तासाभराच्या रेंगाळण्यामागे पाच-दहा मिनिटं ४५०० च्या वर चालवा.

शब्दवेडी

मला मशीनमधलं काही कळत नाही, पण धागा पहिल्यापासून परत वाचला. खलाशी, तुमच्या ता. क. मध्ये आहे की ऑइल "कायम भरपूरच असतं, कधी कमी झालेलं बघितलं नाही". भरपूर *असतं* की भरपूर *होतं*? तुम्ही भरता त्यापेक्षा वाढतं का? कारण आमच्या स्कूटरचंसुद्धा थोडं तरी कमी होतं.

निवांत_खलाशी

थांबा, बघून येतो.

निवांत_खलाशी

वरच्या खुणेपेक्षा बोटभर वर आहे! मी खुणेवर थांबलो होतो, नक्की. आणि डिपस्टिकला वास येतोय. पेट्रोलचा.

मशीनवाला

शब्दवेडीताई, लोटांगण. वीस वर्षं ही मशिनं उघडतो आणि ते वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं.

दादा, आता हे ऑइल बदलेपर्यंत मशीन जोरात चालवू नका. ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय. धरलेल्या रिंगेतून थोडं उतरतं, पण बोटभर नाही. माझा संशय असा की तुमचं मशीन गरमच होत नाहीये. अर्धा तास चालवल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडच्या वरच्या भागाचं तापमान घ्या. नसेल तर कव्हर काढून, फ्लायव्हीलपासून हात लांब ठेवून अंदाज घ्या.

निवांत_खलाशी

चाळीस मिनिटं चालवून : ३४ अंश. पाण्यापेक्षा थोडंसं जास्त, बस.

मशीनवाला

सापडला चोर. थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, एक तर उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : आउटबोर्ड मुळातच गाडीपेक्षा थंड चालतं. गाडीचा थर्मोस्टॅट ८०-९० अंशांच्या घरात उघडतो, आउटबोर्डचा साधारण ५० ते ६०. कारण बाहेरचं खारं पाणीच आतून फिरतं, जास्त तापलं तर त्यातले क्षार वाटेत बसतात. म्हणजे आधीच काजळीला पोषक गारवा. त्यातून थर्मोस्टॅट नसेल तर मशीन समुद्राच्याच तापमानाला राहतं. कंप्युटरला वाटतं मशीन अजून तापतंय, तो चोक दिल्यासारखं जादा पेट्रोल सोडत राहतो. गार सिलिंडरवर त्याची वाफ होत नाही, काही जळून काजळी होतं, काही भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये. तुमचे तिन्ही प्लग काळे होते, एकच नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

निवांत_खलाशी

उघडलं. दोन बोल्ट, झाकण, गॅस्केट व्यवस्थित, आणि आत वाटीसारखी जागा, रिकामी. कडेला गोल ठसा दिसतोय जिथे तो बसत असे. आधीच्या मालकाला फोन केला. म्हणाला, "हो, एकदा गरम झाल्याचा भोंगा वाजला होता, तेव्हापासून काढून टाकलाय. आता कधीच गरम होत नाही." अभिमानाने सांगितलं.

कडू_कारलं

आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

टूस्ट्रोक_भक्त

ताप येतो म्हणून थर्मामीटर फोडला. 🙂

खारा_वारा

भोंगा वाजला होता तर त्याचं कारण पण शोधा. बहुतेक इंपेलर झिजलेला असेल. नवा थर्मोस्टॅट बसवाल आणि पाणीच पुरेसं नसेल तर या वेळी खरोखर तापेल.

निवांत_खलाशी

(पाच आठवड्यांनी) धागा वर काढतोय, लोक उत्तर न देता गायब होतात म्हणून मुद्दाम.

खारा_वारा बरोबर होते. इंपेलरच्या सहा पात्यांपैकी दोन चिरलेली, सगळी एका बाजूला वाकून कडक. तो बदलला, नवा थर्मोस्टॅट आणि गॅस्केट घातलं. हेड आता ५८-६० वर स्थिर. जुनं ऑइल काढलं तर पाण्यासारखं धारेला लागलं. नवं भरलं, मग पीईएचा जोरदार डोस एक टाकी, बराच वेळ ४५००-५००० वर. पहिली दहा मिनिटं मागे काळं पाणी. नंतर परत ऑइल, फिल्टर, प्लग.

वीस तास चालवून झाल्यावर कंप्रेशन : १९०, १८८, १७८. ऑइल खुणेवरच आहे, वास नाही. सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होतं. प्लग फिकट तपकिरी, तिसरा अजून जरा सावळा.

बेंझिन_वलय

अभिनंदन! पण प्रयोग म्हणून शून्य गुण. थर्मोस्टॅट, इंपेलर, ऑइल, औषध, रेस, पाच गोष्टी एकदम बदलल्यात. रिंग कशाने सुटली ते आता कोणीच सांगू शकणार नाही.

निवांत_खलाशी

ताई, मासे पकडायचे होते, प्रबंध लिहायचा नव्हता.

मशीनवाला

माझा अंदाज : गरम मशीन आणि रेस यांनी मोठं काम केलं, औषधाने रिंगेच्या खाचेत मदत केली. १७८ अजून वर येईल. मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून : तुमच्यासारख्या रेंगाळणाऱ्याने पीईएचा नेहमीचा डोस चालू ठेवायला हरकत नाही, आणि दर ऑइल बदलाच्या आधीच्या टाकीला जरा जास्त, म्हणजे निघालेली घाण जुन्या ऑइलबरोबरच जाते. जे रोज ओझं घेऊन पूर्ण रेसवर जातात त्यांनी ते पैसे चांगल्या ऑइलमध्ये घालावेत.

टूस्ट्रोक_भक्त

म्हणजे मी दुसऱ्या प्रतिसादात लिहिलं तेच.

मशीनवाला

थर्मोस्टॅट असलेल्या माणसासाठी, हो.

वाचनमात्र

एक शंका. हेच औषध स्कूटरला चालेल का? शब्दवेडींच्या स्कूटरचं ऑइल कमी होतं म्हणे.

शब्दवेडी

त्यासाठी वेगळा धागा काढा. शीर्षक मी सुचवते.